वायरकाका आणि बिनतारी काकू

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणूस आधी यजमानांकडे बघतो, मग भिंतीवरच्या फोटोंकडे, आणि चहाला उशीर होत असेल तर स्वयंपाकघराच्या दाराकडे. वायरकाका आधी टीव्हीच्या मागे बघतात. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा व्याही हात पुढे करून उभे, आणि काका टीव्हीच्या टेबलामागे कमरेपर्यंत गडप.

"हे कुणी केलंय?" आतूनच आवाज आला.

"काय झालं?" व्याही घाबरले.

"हा वायरींचा गुंता. उंदराने घरटं केलं असतं तरी जरा बेताने केलं असतं."

तो गुंता व्याह्यांनी स्वतःच्या हातांनी, एका सुट्टीच्या दिवशी, घाम गाळून केलेला होता. लेकीचा संसार पुढे सुरळीत चालला यात काकांचा काडीचाही वाटा नाही. सगळं श्रेय लेकीच्या गोड स्वभावाला. नंतर काकांनी तो गुंता सोडवून दिला, वायरी भिंतीच्या कडेने पट्टीत घालून अशा बसवल्या की व्याही पाहुण्यांना टीव्ही पुढून दाखवण्याआधी मागून दाखवू लागले. काकांचं सगळ्यांशीच असं जमतं. आधी अपमान, मग उत्तम काम, मग दोस्ती.

लोकांच्या घरी टीव्ही बसवून देणं हा काकांचा धंदा. चष्म्यांच्या दुकानाला चिकटून त्यांचं अरुंद दुकान, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की काकांना बाहेर यावं लागतं. वरच्या मजल्यावर घर. दुकानाच्या भिंतींवर जाड-बारीक वायरींची वेटोळी खिळ्यांना टांगलेली, आणि त्यांच्यामध्ये खुर्चीवर काका, शेषशायी भगवंतासारखे, फक्त बसलेले. वायर हा त्यांचा धंदा होताच, पण खरं म्हणजे ती त्यांची निष्ठा होती.

"वायर म्हणजे शब्दाचा पक्का माणूस," ते म्हणत. "इथून निघाला की तिथे पोचणार. मधे कुणाशी गप्पा मारत थांबणार नाही. आणि तुमचं ते बिनतारी? वाऱ्यावर सोडलेलं पोर. पोचलं तर पोचलं. वाटेत कुणी ओव्हन लावला, कुणी दार लावलं, की बसलं रुसून."

हे अगदी खोटं होतं असं नाही. पण माणसाचं एखादं मत चार वेळा खरं ठरलं की पाचव्या वेळी तो ते मत न तपासताच घराबाहेर पडतो. काका तसे एकदा एका नर्सबाईंकडे गेले. बाई भाड्याच्या घरात राहायच्या. घरमालकाने भिंतीला भोक पाडायची सक्त मनाई केलेली, म्हणून खुर्च्यांच्या मागे लावायचे स्पीकर बिनतारी हवेत, एवढं साधं त्यांचं म्हणणं.

"बाई, एवढंसं भोक," काका म्हणाले. "मुंगीला विचारून पाडतो. मालकाला कळणारसुद्धा नाही."

मालकाला खरंच कळलं नाही. कळलं ते शेजारच्या गृहस्थांना. ड्रिल भिंतीतून आरपार गेलं, पलीकडच्या कपाटात शिरलं आणि तिथे टांगलेल्या गरम कोटाच्या खिशातून बाहेर आलं. गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना कोट घातला, ऐटीत खिशात हात घातला, आणि हात जो गेला तो थेट हवेत. काका माफी मागायला गेले, तोंड पाडून दारात उभे राहिले, आणि मान खाली घातल्यामुळे त्यांना त्या गृहस्थांच्या टीव्हीची मागची बाजू दिसली. तासाभराने ते तिथे काम करत होते आणि कोटवाले त्यांना पक्कड हातात देत होते.

नर्सबाईंनी मात्र शेवटी बिनतारी स्पीकरच लावले. ते उत्तम चालले. अजूनही चालतात. बाई रस्त्यात भेटल्या की हात हलवून सांगतात, "काका, अजून छान वाजतायत हं!"

"बघू," काका म्हणतात, "किती दिवस वाजतात ते."

आता काकूंबद्दल. त्यांना वायरकाकू म्हटलेलं मुळीच खपत नाही. "मी काय त्यांच्या धंद्यात भागीदार आहे का?" त्या विचारतात. त्यांची स्वतःची नोकरी होती, छापखान्यात, पुस्तकं बांधायच्या विभागात. तिथली यंत्रं दिवसभर अशी धडधडत की बायका एकमेकींशी ओरडूनच बोलत. त्यामुळे काकूंचा आवाज खणखणीत. घरात त्यांनी "मीठ द्या हो" म्हटलं की चष्म्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकून वर बघायचं. त्या यंत्रांनी काकूंना आवाज दिला आणि बदल्यात हळूहळू कान नेले. निवृत्त होऊन काही वर्षं झाल्यावर ते ध्यानात यायला लागलं. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. काकूंनी ते आठवडाभर घातलं आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. "भाजी चिरली तरी ढोल वाजल्यासारखं होतं. आणि तुम्ही चहा पिताना काय आवाज करता हो! इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही?"

रोज संध्याकाळी दोघांचा एक ठरलेला कार्यक्रम होता. तीन भाऊ आणि त्यांचं एक हॉटेल, अशी एक मालिका चालायची. थोरला भला, मधला लबाड आणि धाकटा प्रेमात पडलेला. कुणाच्या, ते दर महिन्याला बदलायचं. काका-काकू शेजारी-शेजारी खुर्च्या टाकून बसत. काकांनी ती मालिका अशी कधी बघितलीच नव्हती. ते चित्र बघायचे, रंग बघायचे, आपण स्वतः लाकूड कापून बनवलेल्या स्पीकरांतून येणारा आवाज ऐकून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे. मालिका बघायच्या त्या काकू. आणि बघायच्या म्हणजे तिच्यात शिरायच्या. "अगं मागे बघ, मागे!" असं त्या धाकट्याच्या त्या महिन्यातल्या प्रेयसीला ओरडून सांगायच्या.

कान कमी झाले तशी त्यांच्या तोंडी एक नवी ओळ आली.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, किल्ल्या माझ्याकडे नाहीत."

"खोटारडा! कालच तर खिशात कोंबल्यान."

सुरुवातीला काकांना ही दुभाष्याची नोकरी फार आवडली. पुढे पुढे तर ते पदरचंही घालायला लागले. थोरला नुसता "ठीक आहे" म्हणाला तर काका सांगायचे, "म्हणतो, ठीक आहे, पण हे मी विसरणार नाही, आणि माझ्या पोटात दुखतंय." काकू खुर्चीचा हात थोपटून हसायच्या. "पोटात दुखतंय म्हणाला? शक्यच नाही!"

पण नोकरी ती नोकरी. हळूहळू दर वाक्याला "काय म्हणाला?" यायला लागलं. एक सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं निसटायची, मग तीही विचारली जायची. एका संध्याकाळी हॉटेल विकायचं की नाही यावरून तिन्ही भावांचं जोरदार भांडण चाललं होतं, सगळे एकदम बोलत होते, आणि काकांचं डोकं दिवसभराच्या कामाने आधीच भणभणत होतं.

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"अहो, एवढी तोंडं हलतायत."

"काही महत्त्वाचं नाही गं! बघ ना तू गप."

 दुसऱ्या दिवशी काकूंनी दोनदाच विचारलं. त्यानंतर विचारणंच बंद केलं.

काकांना आधी सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. चार दिवस त्यांनी मालिका शांतपणे ऐकली. मग काकू मालिकेच्या वेळी वाळलेले कपडे घेऊन घड्या घालत बसायला लागल्या. मग ते कपडे घेऊन आतल्या खोलीत, खिडकीपाशी. एवढे कपडे त्या घरात होते तरी कुठे कोण जाणे. बहुधा घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत असाव्यात. शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. धाकट्याने नवीन प्रेयसी केली आणि "हिचं काही खरं नाही" असं म्हणायला कुणी नव्हतं. मालिकेत दम नाही, हे काकांच्या तेव्हा लक्षात आलं. दम होता तो खुर्चीत.

लेकीचा फोन आला. "आई हल्ली मालिकेचं काहीच बोलत नाही. बघत नाही का?"

"तिला आवडेनाशी झाली," काका म्हणाले, आणि फोन ठेवला. मालिका नव्हे, आपण आवडेनासे झालो, असं तर नसेल?

हे दुरुस्त करायचंच, असं त्यांनी ठरवलं. आणि वायरकाका दुरुस्ती करणार म्हणजे काय करणार?

पहिल्यांदा त्यांनी आवाज वाढवून बघितला. काकू बाहेर यायच्या आधी त्यांच्याही वरच्या मजल्यावरचे शिंपी खाली आले. "काका, त्या मधल्या भावाचं कारस्थान मला नको तेवढं कळतंय. सुई ओवता येत नाही हो." मग काकांनी काकूंसाठी कानांवर बसणारा हेडफोन आणला, वायरचा. पण काकू एका जागी बसणारी बाई नव्हे. मालिका चालू असताना दूध बघून यायचं, दार लावून यायचं, गॅलरीत कुणाचं काय चाललंय ते बघून यायचं. म्हणून काकांनी आयुष्यातलं सगळं कौशल्य पणाला लावून घरभर वायर फिरवली. स्वयंपाकघराच्या कट्ट्यापाशी एक सॉकेट, गॅलरीच्या दाराशी एक, आतल्या खोलीत खिडकीपाशी एक. जिथे जाल तिथे हेडफोनची पिन खोचायची आणि ऐकायचं. भिंतीवर पट्टी अशी सरळ बसवली की पाण्याची पातळी मोजणाऱ्याने शरमेने मान खाली घालावी.

"हे बघ, राणी," उद्घाटनाला काका म्हणाले. ते असं कधी म्हणत नसत, त्यामुळे काकूंना आधीच संशय आला. "आता सगळं घर तुझं."

"आत्तापर्यंत कुणाचं होतं?"

पण त्या बसल्या. हेडफोन लावला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की काकांचा जीव भांड्यात पडला. "अगंबाई! ह्या मधल्याचा आवाज असा चिरका आहे होय!"

तो सबंध भाग छान गेला असता. पण दूध उतू जातंय असा वास आला आणि काकू, जशा जन्मभर उठत आल्या तशा, उठून पळाल्या. पिन काढायची असते हे कुणाला आठवणार? वायर ताणली गेली, काकूंची मान मागे, हेडफोन हवेत, आणि वायरीचं दुसरं टोक ज्याला जोडलेलं होतं तो काकांचा लाडका ॲम्प्लिफायर फळीवरून सरकत निघाला. काकांनी झेप घेऊन त्याला पोटाशी धरलं. ते ॲम्प्लिफायरला कवटाळून जमिनीवर, काकू मान धरून उभ्या, आणि आत दूध शेगडीवर.

"आधी त्या डब्याला धरलंत," काकू म्हणाल्या. "बायकोची मान नंतर."

"अगं, तो पडला असता..."

"आणि मी? मी काय गोठ्यातली म्हैस आहे, दाव्याला बांधून ठेवायला? इथे सोडा, तिथे बांधा! तुमचं दावं तुम्हालाच लखलाभ."

आणि त्या पुन्हा घड्या घालायला आत गेल्या. काका जमिनीवरच बसून राहिले. वायरीला त्यांनी शब्दाचा पक्का माणूस म्हटलं होतं. पण पक्का माणूस कधीकधी हातही सोडत नाही, ही त्याची दुसरी बाजू त्यांनी कधी बघितली नव्हती. गिऱ्हाइकांच्या घरी ते वायर बसवून निघून यायचे. तिच्याबरोबर राहावं लागायचं ते गिऱ्हाइकांना.

पुढच्या सुट्टीला लेक आली, ती एक खोका घेऊन.

"बाबा, रागावू नका."

"रागावण्यासारखं आहे म्हणजे."

खोक्यातून बिनतारी हेडफोन निघाला, आणि त्याच्याबरोबर एक चपटी डबी, जी टीव्हीला जोडून ठेवायची. काकांनी डबी उलटी-सुलटी केली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे काय? हिच्या मागे दोन वायरी! बिनतारी म्हणे! सोवळं नेसून मागच्या दाराने भजी खाल्ल्यासारखं आहे हे."

"बाबा, आईला त्या वायरी बांधलेल्या नाहीत ना? डबीला आहेत. डबीला कुठे जायचंय?"

 काकांनी डबी जोडली. आणि जोडली म्हणजे काय, मागच्या दोन वायरी नीट पट्टीत घालून, शत्रूची वरात असली तरी मांडव आपला या भावनेने. काकूंनी हेडफोन लावला. थोडा वेळ खुर्चीत बसल्या, अंदाज घेतला, मग हळूच उठल्या. एक पाऊल, दोन पावलं. मान मागे खेचली गेली नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, तिथून गॅलरीत, तिथून आतल्या खोलीत, आणि आतून त्यांचा खणखणीत आवाज आला, "अगं मागे बघ, मागे!"

काकांना इतका आनंद झाला की बिनतारीबद्दलचा राग त्यांनी त्या दिवसापुरता गिळला.

पण दोन दिवसांनी काकू म्हणाल्या, "अहो, सगळे दोनदा का बोलतात?"

"दोनदा?"

"एकदा तुमच्या स्पीकरातून, एकदा माझ्या कानात. डोंगरात उभं राहून ओरडल्यासारखं. एकच बंद करा बाई काहीतरी."

काकांना कारण लगेच कळलं. हवेतून जाणारा आवाज आधी डबीत बांधला जातो, मग कानाशी जाऊन सोडवला जातो, त्यात त्याला क्षणभर उशीर होतो. स्पीकरातला आवाज वायरीतून तडक येतो. काकूंना थोडं बाहेरचंही ऐकू येत होतं, म्हणून ते दोन आवाज एकमेकांच्या पायात येत होते. काकांच्या मनात "बघ, मी म्हणत नव्हतो!" असं म्हणायची फार मोठी उबळ आली. पण हेडफोन काढायला सांगितला तर काकू पुन्हा कपड्यांकडे जाणार. तेव्हा काकांनी स्पीकर बंद केले. आपल्या हाताने बनवलेले स्पीकर, चालू टीव्हीसमोर, बंद.

काकू शेजारी येऊन बसल्या. हसल्या, चुकचुकल्या, एकदा तर "शाब्बास!" म्हणाल्या. काका समोर बघत होते. तीन भाऊ तोंडं हलवत होते. खाली अक्षरं येण्याची सोय त्या मालिकेला नव्हती. थोरल्याने एकदम डोळे पुसले. कुणी गेलं की काय?

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

काकूंचं लक्ष नव्हतं. काकांनी त्यांच्या हाताला हात लावला. काकूंनी एक कान मोकळा केला. "काय?"

"काय म्हणाला तो? रडतोय कशाला?"

"काही नाही," काकू म्हणाल्या आणि कान पुन्हा झाकला.

तो सूड नव्हता. सूड असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. काकू फक्त रंगून गेल्या होत्या. पुढचं वाक्य सुटू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. काकांना आता कळलं की ते दोन शब्द ऐकणाऱ्याच्या बाजूने कसे लागतात. एखाद्या घरात सगळे आत जेवत बसलेत आणि आपण बाहेर चपला घालून उभे आहोत, तसे.

लेकीने फोनवर सोपा उपाय सांगितला. "बाबा, तुम्हीही एक तसलाच घ्या ना. दोघांच्या कानाला दोन."

"हो, आणि मग खुर्च्या तरी शेजारी कशाला? तिने तिथे बसावं, मी दुकानात बसतो."

 काका हे चिडून बोलले नव्हते. त्यांना आवाज नको होता. आवाज तर त्यांना आयुष्यभर पुरून उरला होता. मधला भाऊ खोटं बोलला की ते दोघांना एकदम कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. एकाला आधी आणि दुसऱ्याला मागून कळलं की त्याची बातमी होते. एकदम कळलं तरच गंमत.

एकदम. दुकानात बसल्या बसल्या ते या शब्दाभोवती फिरत राहिले. बिनतारी आवाजाला उशीर होतो, तो कमी करता येत नाही. जो वाटेतच आहे त्याला लवकर ये म्हणून कितीही हाका मारल्या तरी तो येईल तेव्हाच येणार. पण जो आधीच दारात येऊन उभा आहे, त्याला थांब म्हणता येतं. त्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये तशी सोय होती. आवाज मुद्दाम रेंगाळत ठेवायची. गिऱ्हाइकांच्या घरी त्यांनी ती कितीदा वापरली होती, ओठ आणि आवाज जुळवायला. स्वतःच्या घरी ती कायम शून्यावर. वायरीतून येणाऱ्या आवाजाला मुद्दाम उशीर करायचा, म्हणजे पळण्यात पहिल्या येणाऱ्या पोराला शेवटच्या पोरासाठी थांब म्हणण्यासारखं. एरवी असं कुणी सुचवलं असतं तर काकांनी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. तेवढं सोपंच होतं ते. तो आत आला की काका बाहेरच असायचे.

दुपारी त्यांनी काकूंना खुर्चीत बसवलं, हेडफोन लावायला सांगितला, आणि बातम्या लावल्या.

"एक कान जरा मोकळा ठेव. आता सांग, किती बोलतायत?"

"एकच बाई आहे की."

"अगं, ऐकू किती येतात?"

"दोन. एक पुढे, एक मागे."

काका ॲम्प्लिफायरशी वाकले. "आता?"

"दोनच. पण जवळ आल्या."

"आता?"

"चष्म्याच्या दुकानात असंच विचारतात, हे बरं की ते बरं. शेवटी कंटाळून काहीतरी सांगते मी."

"इथे कंटाळून सांगू नकोस. आता?"

"आता ती दुसरी पुढे गेली."

"कोण दुसरी? तुझी की माझी?"

"माझी. तुमची मागे पडली. बिचारी."

काका थोडं मागे आले, अगदी थोडं, दाढी करताना पातं फिरवावं तसं. काकूंनी डोळे मिटले. मान एका बाजूला झुकवली. 

"काय गं?"

"एकच बाई बोलतेय," काकू हळूच म्हणाल्या. त्या कधीच हळू बोलत नसत, त्यामुळे काकांना त्यांचं ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी दोन्ही खुर्च्या भरल्या. स्पीकर चालू, शिंप्यांना सुई ओवता येईल एवढा आवाज. मालिका सुरू झाली आणि काकांना घाम फुटला. त्यांनी हिशेब सगळा बरोबर केला होता, फक्त एक विसरले होते. दोन्ही आवाज आता एकत्र येत होते, पण दोन्ही उशिरा. चित्र आपलं वेळेवर. थोरला तोंड उघडायचा, आणि शब्द मागून धावत यायचे. ज्या माणसाने अशा चुकीबद्दल लोकांच्या घरी जाऊन दात-ओठ खाल्ले, त्याच्याच घरी ही गत. ते खुर्चीत चुळबुळ करायला लागले. एकदा उठले, पुन्हा बसले.

"ढेकूण आहेत का खुर्चीत?" काकू म्हणाल्या.

"तुला दिसत नाही? ओठ आधी हलतायत."

"दिसतंय की. बरं आहे ते."

"बरं काय त्यात?"

"अहो, मी कधीपासून ओठांवरच तर ऐकतेय. आता आधी ओठ बघते, काय म्हणणार ते ओळखते, आणि मग बरोबर आलं का ते कानाने तपासते. परीक्षेला बसून लगेच निकाल मिळाल्यासारखं."

काका त्यांच्याकडे वळले. "तुला ओठांवरून कळतं?"

"छापखान्यात दुसरं काय करायचो आम्ही? निम्मं कळतं. तुम्ही पुटपुटता ते तर सगळं कळतं."

काकांनी मागच्या काही वर्षांत आपण काय काय पुटपुटलो ते आठवून बघितलं आणि आठवणं तातडीने थांबवलं. मग जरा वेळाने, टीव्हीकडे बघतच, म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी, ते हॉटेल विकायचं भांडण झालं, मी तुझ्या अंगावर आलो, तेव्हा तुला..."

"'विकून टाकू' म्हणाला होता थोरला. कळलं होतं मला."

"मग विचारलंस कशाला?"

"निम्मं मी ओळखायचं आणि निम्मं तुम्ही सांगायचं, असं होतं ना आपलं? आणि तुम्ही सांगायचात त्यातलं निम्मं तुमचंच असायचं. पोटात दुखतंय म्हणे! मालिकेपेक्षा तेच बरं असायचं. ते तुम्ही बंद केलंत." त्यांनी मांडीवरची नसलेली धूळ झटकली. "म्हणून मग मी कपडे घेतले."

 काकांना आता पुटपुटायचीही सोय उरली नव्हती. त्यांनी फक्त आपली खुर्ची काकूंच्या खुर्चीला आणखी थोडी लागून ओढली. ती ओढताना फरशीवर कर्कश्श आवाज झाला, आणि काकूंनी तोंड वाकडं केलं, म्हणजे तोही त्यांना ऐकू आला.

पडद्यावर मधल्या भावासमोर विक्रीचे कागद आले होते. वकील पेन पुढे करत होता. मधल्याचे ओठ हलले.

"सही करतो म्हणाला!" काकूंनी काकांच्या बरगडीत कोपर मारलं. "मेला, सही करतोय बघा!"

"सही करतो की काय, असं वाटलं तुम्हाला?" मधला भाऊ, मागून, दोघांच्याही कानात एकदम म्हणाला.

"नापास!" काका ओरडले.

काकू आधी रागाने त्यांच्याकडे वळल्या, आणि मग त्यांना इतकं हसू आलं की हेडफोन घसरून गळ्यात आला. काकाही हसत सुटले. वरून शिंप्यांनी जमिनीवर पाय आपटला. पडद्यावर वकील, तिन्ही भाऊ आणि धाकट्याची या महिन्यातली प्रेयसी बराच वेळ काहीतरी फार महत्त्वाचं बोलत होते, पण ते सगळंच्या सगळं दोघांचंही बुडालं.